सशांना झाडपाला : कोणता आणि किती?

उन्हाळ्यात बांधावरचं गवत वाळलं आणि आमच्या गटाच्या सशांचा चारा संपला. विकतचा खुराक परवडेना. कुंपणाला सुबाभूळ हिरवीगार होती, म्हणून आम्ही रोज तिचाच पाला घातला. काही आठवड्यांत सशांचे केस गळायला लागले, माद्या गाभण राहीनात. मटणाला विकायला पिल्लंच नाहीत, मग गटाचा हप्ता भरायचा कशातून?

एकाच पाल्यावर भिस्त ठेवली, ही आमची चूक. सुबाभळीत प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं. आता दहा जुड्यांत तिची एकच. बाकी शेवगा, शेवरी, हादगा, तुतीचा पाला आणि गवत. वाळलेलं का होईना, गवत हवंच. त्याच्या चोथ्यानेच सशाचं पोट नीट चालतं. पिल्लं पाजणाऱ्या मादीला थोडा खुराकही देतो.

पाला आदल्या सायंकाळी तोडून सावलीत पातळ पसरतो. पावसाने भिजलेला किंवा ढिगात तापलेला पाला दिला, तर पोट फुगतं, हगवण लागते. जुडी पिंजऱ्यात टांगायची, म्हणजे मुतात भिजत नाही. नवा पाला मूठभर देऊन आठवडाभरात वाढवायचा. कण्हेर, रुई, घाणेरी पिंजऱ्याजवळही आणायची नाही.

आमच्या सशांना पुन्हा केस आले, माद्या व्यायल्या. मैत्रिणींनो, या पावसाळ्यात बांधावर शेवग्याचे चार फाटे लावाच. पुढच्या उन्हाळ्यात चारा दारात असेल.