कोंबड्यांच्या घरी कुत्र्याचे पिल्लू आणण्यापूर्वी

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील पशुपालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे तो वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटेल. घरात कुत्र्याचे पिल्लू आणणे यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु ज्या घरी कोंबड्या आहेत, कबुतरे आहेत किंवा पिंजऱ्यात पाखरे आहेत, त्या घरी हे पिल्लू पूर्वतयारीशिवाय आले तर नुकसान कोंबड्यांचे होते, पिल्लाचे होते आणि प्रसंगी घरातील मुलाच्या जिवावरही बेतते. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

आपला हा भाग संत्र्याचा आणि कापसाचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. सीमा बदलल्या, पण शेतकऱ्याच्या घराची ठेवण बदलली नाही. अंगणात दहा-बारा कोंबड्या, गोठ्यात बैलजोडी आणि बागेच्या राखणीला कुत्रा ही आपली जुनी रीत आहे. आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की राखणीची निकड भासते. नेमक्या त्याच थंडीच्या दिवसांत गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. मुले सदऱ्यात घालून एखादे पिल्लू घरी आणतात आणि आईवडीलही नाही म्हणत नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका घरी असेच पिल्लू आले. घरच्या बाईंनी मोठ्या काळजीने कोंबड्या वाढविल्या होत्या. अंड्यांच्या पैशांतून घरातील मीठमिरची आणि मुलाच्या वह्या निघत असत. पिल्लू आले त्या दिवशी सर्वांनी कौतुक केले आणि त्याला अंगणात मोकळे सोडून दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते. नऊ पिलांची कोंबडी डालग्याखाली झाकलेली होती. परंतु डालग्यावर दगड ठेवलेला नव्हता. पिल्लाने खेळता खेळता डालगे उलथविले. सात पिले मेली. एकही त्याने खाल्ले नव्हते.

संतापाच्या भरात वडिलांनी पिल्लाला मारले आणि पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून दिले. मुलाला राहवले नाही. अंधार पडल्यावर तो एकटाच जाऊन पिल्लाला शोधू लागला. घाबरलेले पिल्लू त्याच्या हाताला चावले. मार बसेल या भीतीने मुलाने ही गोष्ट लपविली. दोन दिवसांनी वर्गात गुरुजींनी त्याच्या हाताला बांधलेली चिंधी पाहिली, त्याला जवळ घेऊन विचारले आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेले. मुलाला वेळेवर लस मिळाली आणि पुढे काही विपरीत घडले नाही. पण गुरुजींचे लक्ष गेले नसते तर काय झाले असते, याचा विचार आजही मनातून जात नाही.

या प्रसंगात दोष कोणाचा? माझ्या मते पिल्लाचा मुळीच नाही. हलणाऱ्या वस्तूमागे धावणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. कोंबडी पंख फडफडवून पळते, ओरडते. पिल्लाला तो खेळ वाटतो. एकदा पाठलागाची गोडी लागली की तो खेळ राहत नाही, ती खोड होते. ती मोडणे कठीण, परंतु लागू न देणे सोपे. म्हणून सगळी तयारी पिल्लू येण्याच्या आधी करावयाची असते.

आता ही तयारी कोणती ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. घरात कोंबडी खुडूक बसलेली असेल किंवा नुकतीच पिले निघाली असतील, तर पिल्लू आणण्याचे काही आठवडे पुढे ढकलावे. सण, लग्नकार्य किंवा संत्रा तोडणीची धांदल असतानाही ते आणू नये. पहिल्या पंधरवड्यात त्याच्याकडे लक्ष देणारे कोणीतरी घरात असलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट पिल्लाच्या वयाची. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. आईजवळ व भावंडांत ते दाताचा जोर आवरायला शिकते. मात्र फार उशीरही नको. साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला जे जे दिसते ते त्याला घरचे वाटू लागते, आणि कोंबड्यांची ओळख याच काळात व्हावी हे उत्तम. घरी आणताच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जंताचे औषध द्यावे. पिल्लांच्या पोटातील जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि तेथून अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण होताच देतात. नंतरच्या मात्रा डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकविता कामा नयेत.

तिसरी गोष्ट पक्ष्यांच्या निवाऱ्याची. खुराडे जमिनीपासून उंचावर असावे, त्याला बारीक जाळी व आतबाहेर न हलणारी पक्की कडी असावी. पिल्लू जमीन उकरते, म्हणून जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत गाडावा. डालगे वापरत असाल तर त्यावर जड दगड ठेवण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. लव्हबर्डसारखी पाखरे पिंजऱ्यात असतील तर पिंजरा भिंतीला पक्का ठोकून पिल्लाच्या उडीच्या बाहेर ठेवावा. दोरीला लोंबकळत ठेवू नये. पिंजऱ्यामागे भिंत असली की पाखराला आसरा वाटतो. कुत्रा दुरून पाहत राहिला तरी भीतीने पाखरू चारा टाकते, पिसे उपटते. म्हणून पिंजऱ्याच्या एका बाजूला कापड टाकून आडोसा करावा. मात्र उन्हाळ्यात हवा कोंडणार नाही हे पाहावे.

येथे एका कायद्याची आठवण देणे माझे कर्तव्य आहे. आपल्याकडील राघू, पहाडी पोपट, मुनिया हे रानपक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. असा पक्षी कोणाकडे असेल तर वनविभागाशी संपर्क साधावा. परस्पर सोडून दिलेला पाळीव राघू बाहेर तग धरीलच असे नाही.

चौथी गोष्ट पिल्लाच्या स्वतःच्या जागेची. ओसरीचा एखादा कोपरा, खाली पोते, शेजारी पाण्याचे भांडे आणि एक हलके दावे एवढे पुरे. ही जागा खुराड्यापासून दूर असावी. घरात कोणी नसेल तेव्हा पिल्लू आपल्या जागी बांधलेले किंवा आडोशात बंद असलेच पाहिजे. वर सांगितलेल्या घरी हा एक नियम पाळला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

पिल्लू घरी आले की पहिले तीन-चार दिवस पक्ष्यांची भेट घडवूच नये. त्याला घराचा, माणसांचा आणि स्वतःच्या नावाचा परिचय होऊ द्यावा. त्यानंतर दिवसातून दोन वेळा, त्याचे पोट भरलेले असताना आणि खेळून दमल्यावर, दावे हाती धरून दहा-पंधरा पावलांवरून कोंबड्या दाखवाव्यात. पिल्लू शांत बसले, किंवा हाक मारताच आपल्याकडे वळले, की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा आणि पाठीवर हात फिरवावा. ओढ घेऊ लागले तर न ओरडता चार पावले मागे न्यावे. पाच-सात मिनिटे पुरेत. अंतर रोज थोडेथोडे कमी करावे. पी हळद अन् हो गोरी असे येथे चालत नाही. साधारण पंधरा दिवसांत फरक दिसू लागतो. तरी पिल्लू वर्षाचे होईपर्यंत त्याला कोंबड्यांत एकटे सोडू नये. काही कुत्रे कधीच विश्वासाचे होत नाहीत. त्यांच्यासाठी जाळी हाच कायमचा उपाय होय.

कोंबडी मारली म्हणून कुत्र्याला बडविणे किंवा मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधणे असे उपाय काही लोक सांगतात. त्यांचा उपयोग नाही. मार कशासाठी बसला हे कुत्र्याला उमगत नाही. तो फक्त माणसाला भिऊ लागतो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

आता रोगाविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारी नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. लगेच जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत हाच विषाणू आढळला. भारतात पाळीव मांजरांत तो आढळल्याची ही पहिलीच नोंद होती. कॅनडात २०२३ साली मेलेला रानहंस चघळलेला एक पाळीव कुत्रा या रोगाने मरण पावला. कुत्र्यांत हा रोग क्वचित होतो, परंतु यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. पिल्लाला कोंबडीची कच्ची आतडी, मुंडी, पंख घालू नयेत. मांस द्यावयाचेच तर पूर्ण शिजवून, हाडे काढून द्यावे. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता चुना टाकून खोल पुरावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही बातमी लपविल्याने रोग लपत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्र्याचे लहान पिल्लूदेखील रेबीज देऊ शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. मात्र वेळेवर लस घेतल्यास तो हमखास टाळता येतो. पिल्लू चावले किंवा त्याच्या दाताचा, नखाचा ओरखडा जरी उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यावयाचे वेगळे औषधही लागते. ते देण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, कुत्रा चावल्यास लपवू नये, रागावणार नाही, हे मुलांना वर्गात वरचेवर सांगावे. ग्रामपंचायत व आरोग्य कर्मचाऱ्यांनी लस कोठे आणि कोणत्या दिवशी मिळते याची माहिती चावडीवर व शाळेत लावावी. पशुसंवर्धन खात्यातील सहकाऱ्यांनी लसीकरणाची तारीख गावात आगाऊ कळवावी. आणि मातापित्यांना एवढेच सांगणे की, मुलाला मारण्याची भीती वाटू लागली की तो जखम लपवितो, आणि लपविलेली जखम आपल्याला परवडणारी नाही.

घरात नवा जीव येणे ही आनंदाची गोष्ट आहे. कुत्रा बाग राखील, कोंबड्या संसाराला हातभार लावतील आणि मुले दोघांवर माया करायला शिकतील. त्यासाठी फार खर्च लागत नाही. थोडी जाळी, एक दावे, पंधरा दिवसांचे लक्ष आणि डालग्यावर एक दगड, एवढी तयारी आधी करा आणि मग पिल्लू खुशाल घरी आणा.