किडनीचं दुखणं रक्तवाहिन्यांतून येतं

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागातल्या बायांना खारं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातला हा आपला खारपाण पट्टा. इथं कुणाची किडनी गेली की सगळे हातपंपाकडे बोट दाखवतात. गोड्या पाण्याची मागणी आपण लावून धरायचीच. पाणी उकळलं, गाळलं, तुरटी फिरवली तरी त्यातला खार जात नाही. पण पाण्याच्या नादात एक गोष्ट मागं राहते, ती म्हणजे रक्तवाहिन्या.

एका किडनीत साधारण 10 लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. बीपी वाढलेलं राहिलं की तिकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या जाड, ताठ होतात, आतली वाट अरुंद होते आणि गाळण्या एकेक करून निकामी होतात. वाढलेली साखरही गाळण्यांची नासाडी करते. त्यात रक्त कमी पोचलं की किडनी स्वतःच बीपी आणखी वाढवते. मग एकीचं बिघडलं की दुसरीचंही बिघडत जातं.

हे सगळं होताना दुखत काहीच नाही. म्हणूनच 'मले काही होत नाही' म्हणत घरातली मोठी माणसं बीपीची गोळी सोडतात. बरं वाटतं ते गोळीमुळंच, हे त्यांना कोण सांगणार? आपणच. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर बरंच काम कमी झालेलं असतं. त्याआधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात, म्हणून बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा लघवी आणि रक्त दोन्ही तपासून घ्या.

आता कापूस वेचणीचं बोलू. कंबर धरली की दुकानातून दुखण्याची गोळी येते, रोज एक. यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात. उन्हात, कमी पाणी पिऊन घेतल्या तर जास्तच. मिश्री-तंबाखूनंही वाहिन्या आवळतात. मीठ दिवसाला माणशी एक छोटा चमचा, त्यात पापड-लोणचंही आलं. सैंधव चालतं म्हणतात, पण तेही मीठच.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात फुकट तपासतात. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, बीपीचं मशीन घेऊन. आकडा 140 वर 90 किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तरीही तेवढाच असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरातल्या पुरुषांनाही सोबत न्या, ते आपणहून जायचे नाहीत.