वजन, रक्तदाब आणि गोळी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नव्हे. कल्याणच्या काळा तलावाभोवती रोज सकाळी फिरणारी आम्ही पाच-सहा माणसं. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून. सगळ्यांना बीपी. समितीने सांगितलं, तुमचा अनुभव मांडा. तो मांडतो.

आमचा जन्म लोकलमध्ये गेला. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला पोटभर जेवण आणि लगेच झोप. निवृत्तीनंतर पोट सुटलं. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची हकिगत आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा जेवून धापा टाकतच तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणायला सांगितला. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंग हलकं झालं. ध्यानात घ्या, हे एका दिवसात झालं नाही, आणि आठवण देणारा माणूस शेजारी होता. आमच्या घरी ते काम नातवंडं करतात.

आता शास्त्र काय सांगतं? वजन वाढलं की हृदयाला जास्त काम पडतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, दाब चढतो. साधारण एक किलो वजन उतरलं, तर वरचा आकडा सुमारे एकाने उतरतो. १९९८ साली अमेरिकेत ६० ते ८० वयाच्या ९७५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची गोळी थांबवून पाहिली. स्थूल माणसांपैकी ज्यांनी वजन आणि मीठ दोन्ही कमी केलं, ती गोळीशिवाय जास्त टिकली. तरीही त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे पुन्हा गोळी लागली. हेही सांगितलंच पाहिजे.

मिठाचं म्हणाल, तर दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. सुका बोंबील तर आमचा जीव की प्राण! तो सोडला नाही, पण रोजचा महिन्यावर नेला.

आता तिघांची गोष्ट. एकाने वर्षभरात सहा किलो उतरवले. डॉक्टरांनी तपासत तपासत दोनाची एक गोळी केली. दुसऱ्याने सात किलो उतरवले, आकडा चांगला दिसला आणि न विचारता गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी सकाळी जीभ जड झाली, उजवा हात उचलेना. ते आज पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलेत. "माझं सांगा, लोकांना कळू द्या," असं तेच म्हणाले. तिसरा मूळचाच सडपातळ, सगळं पथ्य पाळतो, तरी गोळी तशीच आहे. त्यात त्याचा काही दोष नाही.

म्हणून बांधवांनो, वजन आपण उतरवायचं, पण गोळी डॉक्टरांनीच उतरवायची. वजन उतरताना चक्कर आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बीपी दुखत नाही, ते मोजावंच लागतं. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही आपल्याच पालिकांची आहेत. तिथं जायला लाज कसली?

बाबासाहेबांचं शरीर मधुमेहाने पोखरलं होतं, तरी ते लिहीत राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी, अवघ्या ६५ व्या वर्षी, ते गेले. आज आपल्याला औषध आहे, मोजायला यंत्र आहे, फिरायला तलाव आहे. मग शरीराची हेळसांड करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

समितीला एकच विनंती. दर रविवारी वंदनेनंतर विहारात बीपी मोजायची सोय करा. यंत्र आम्ही वर्गणी काढून देतो. आणि पुढच्या वर्षी भोजनदानातलं मीठ थोडं हात राखून घाला!

जयभीम, नमो बुद्धाय.