पीएच.डी.ची शिष्यवृत्ती आणि आपली घरे
(कोल्हार येथे पालकांच्या सभेत दिलेले भाषण)



पोर एम.ए. झाले की घरात प्रश्न निघतो, "आता पुरे की नाही?" आणि पुढे शिकायचेच म्हणाले तर दुसरा निघतो, एकर विकावा की सावकार गाठावा? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांत पीएच.डी. करू पाहणाऱ्या पोरासाठी जमिनीला हात लावण्याआधी माझे चार शब्द ऐका. पैसा मिळण्याच्या वाटा आहेत. पण त्यांचे दरवाजे वेळेवर बंद होतात, आणि ही वेळ आपल्या घरांस ती टळल्यावर कळते.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. बदल्यात बडोद्याची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. मुदत संपली तेव्हा 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे पदरचे साठवून, शाहू महाराजांची मदत व मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसाचा पैशापायी तीन वर्षे खोळंबा झाला, मग आपल्या पोरांची काय कथा?

आता नियम. 2022 च्या नियमांप्रमाणे एम.ए.ला शेकडा 55 गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल यांस 50. म्हणजे पीएच.डी.ची पेरणी एम.ए.च्या पहिल्या वर्षीच होते. "नुसते पास हो, बाकी शेत बघ" असे सांगणारा बाप पोराचे दार स्वतःच लावून घेतो.

दुसरी गोष्ट 'नेट' परीक्षा. ती जून व डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. तीत वरच्या गुणांनी येणाऱ्यास ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते. 2023 पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 असा ठरला. वयाची मर्यादा 30 वर्षे. मागासवर्गांस आणि सर्व जातींच्या स्त्रियांस पाच वर्षांची सूट. आयाबायांनो, हे कानात ठेवा. लेक बाविसाव्या वर्षी एम.ए. झाली तर तिच्या हाती तेरा वर्षे आहेत; ती तिची तिला राहू द्या. फेलोशिप हुकली तरी 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. इतर मागासवर्गाचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. अर्जाच्या आठवड्यात तहसीलीत धावणारे मी दरसाल पाहतो.

राज्याच्या संस्थाही आहेत. मराठा-कुणब्यांस सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांस महाज्योती, अनुसूचित जातींस बार्टी. येथे क्रम उलटा, आधी पीएच.डी.ची नोंदणी, मग अर्ज. 2023 साली सरकारने या संस्थांच्या जागा दोनदोनशेवर आणल्या, आणि पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल त्याच वर्षी विधिमंडळात झाला.

उत्तरासाठी दूर जायला नको. शेजारच्या लोणीचा प्रवरा कारखाना विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ. पुढे 1969 साली समाजशास्त्रांच्या संशोधनास पैसा देणारी केंद्राची परिषद निघाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच. ती परिषदही पीएच.डी.साठी फेलोशिप देते. आज उसाच्या तोडणीवाल्याची उचल, बागायतीतले कर्ज, सुताराचा मोडलेला धंदा यांचा हिशेब मांडायचा तर तो घरी सोसलेल्यांच्या पोरांनीच का मांडू नये?

एक सावधगिरी. मंजूर झालेला पैसाही दरमहा वेळेवर येतोच असे नाही. सहा-सहा महिने वाट पाहणारी पोरे आहेत. तेवढ्या दिवसांच्या खोलीभाड्याची व खाणावळीची तजवीज घरातून ठेवावी. ज्यांची मुले यंदा एम.ए.ला आहेत त्यांनी गुणपत्रके व जातीचा दाखला घेऊन रविवारी सकाळी शाळेत यावे. अर्ज आपण मिळून वाचू.