भट्टीची धग आणि बँकेचा हप्ता
कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवणाऱ्या कितीतरी फाउंड्र्या आहेत. भट्टी कोकवर चालली तर कार्बन तिथेच हवेत जातो; विजेवर चालली तर बराचसा दूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून. भट्टीचं झाकण उघडं राहिलं, कॉम्प्रेसरच्या पाइपातून हवा गळत राहिली, की पैसाही वाया जातो आणि इंधनही.

उद्योजकाला हे कळत नाही असं नाही. पण नव्या भट्टीसाठी एकरकमी पैसा नसतो आणि जागा आधीच गहाण असते. खरी मदत इथे हवी. बँकेने आधी ऊर्जा-तपासणी करून घ्यावी, किती युनिट वाचतील ते कागदावर यावं, आणि बिलात होणाऱ्या बचतीतून फिटेल असा हप्ता बांधावा. 1990 साली स्थापन झालेल्या सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने तपासणी आणि कर्ज यांची सांगड घालणारी योजना राबवली आहे. तारण नसलेल्या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा निधीही 2000 सालापासून आहे.

माझी मनापासून विनंती आहे, शाखाधिकाऱ्यांनी एकदा भट्टीजवळ उभं राहून पाहावं. आणि उद्योजकहो, कर्जाचं बोलायला जाल तेव्हा गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं बरोबर न्या.