गेट चुकलं की संपलं



आपल्या पनवेलला बर्फ दिसतो तो मासळी बाजारात, नाहीतर उसाच्या रसात. तरी आज बोलणार आहे अल्पाइन स्कीइंगबद्दल. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायची ही शर्यत.

उतारावर काठ्या रोवून गेटं केलेली असतात. स्लॅलममध्ये ती जवळजवळ, जायंट स्लॅलममध्ये जरा लांब. प्रत्येक गेटमधून वळत जायचं. दोन फेऱ्या, दोन्ही वेळांची बेरीज, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. एक गेट हुकलं की शर्यत संपली. आपल्या रायगडच्या लाडक्या कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. इथे ती सोय नाही.

अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिननं 2014 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सोचीला स्लॅलमचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. 2018 मध्ये प्योंगचांगला जायंट स्लॅलमचं. मग 2022 चं बीजिंग आलं. या दोन्ही हातखंडा शर्यतींत ती पहिल्याच फेरीत, सुरुवातीच्या गेटांतच बाहेर पडली. एकही पदक न घेता परतली.

त्याच ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान. वडिलांचं तिथे स्कीच्या साहित्याचं दुकान. पोरगा चौथ्या वर्षापासून बर्फावर. 13 फेब्रुवारीला भर हिमवर्षावात जायंट स्लॅलम झाली. कितीतरी जण वाटेतच गळाले. आरिफ दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून 45 वा आला. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये मात्र त्यालाही शर्यत पूर्ण करता आली नाही.

म्हणजे गेट सम्राज्ञीलाही सोडत नाही आणि नवख्या देशाच्या खेळाडूलाही. फरक पडतो तो त्यानंतर. शिफ्रिनपुढे लगेच पुढचा हंगाम उभा होता, सोबत प्रशिक्षक होते, सरावाला उतार होते. मार्च 2023 मध्ये स्वीडनमधल्या ओरे इथे तिनं विश्वचषक मालिकेतली 87 वी शर्यत जिंकली आणि स्वीडनच्याच इंगेमार स्टेनमार्कचा 86 विजयांचा विक्रम मोडला. नोव्हेंबर 2024 मध्ये पडून तिच्या पोटाला खोल जखम झाली. तरी 23 फेब्रुवारी 2025 ला इटलीत, सेस्त्रिएरेला, तिनं शंभरावा विजय मिळवला.

आरिफचं 2018 चं ऑलिंपिक हुकलं होतं ते पैशांअभावी. गुलमर्गचा हंगाम चार महिन्यांचा. तो सरला की सरावासाठी परदेश गाठायचा, आणि खर्चाची जुळवाजुळव आपली आपणच करायची.

म्हणून 45 हा आकडा ऐकून हसू नये. पडल्यावर पुन्हा उतारावर उभं राहण्याची ऐपत, हीच या खेळातली अर्धी कारकीर्द. बर्फ आपल्या देशात आहे, जिद्दही आहे. पुढच्या आरिफला उरलेल्या आठ महिन्यांचा खर्च कोण देणार, एवढंच ठरायचं आहे.