पंढरीच्या वाटेवरचं बाळंतपण



कमठाणा काय, बीदर काय, आपल्या पट्ट्यातून पंढरीला जाणारे पुष्कळ. पण दीडशे वर्षांपूर्वी पंढरीला आणखी एका कारणानं नेत. घरातल्या तरुण विधवेला दिवस गेले की गावात सांगायचं, देवाला चाललोय. आणि तिला तिथंच सोडून यायचं. मूल टाकलं जाई, कधी मारलंही जाई. हे पाहून तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. नवरंगे बालकाश्रम म्हणतात तो हाच.

त्याच काळात व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात गरीब बाई अडली की वर्कहाऊस गाठी. गरिबांना ठेवायचं ते सरकारी घर. १८३४च्या कायद्यानं तिथला मुक्काम मुद्दाम नकोसा केलेला: नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, आणि भाकरीपायी काम. लग्नाविना झालेल्या लेकराचा भारही त्याच कायद्यानं एकट्या आईवर टाकला. आजाऱ्यांची उसाभर बहुधा तिथल्याच निराधार बाया करत. लिव्हरपूलच्या वर्कहाऊसात शिकलेल्या नर्सेस घेऊन नर्स ॲग्नेस जोन्स गेली ती १८६५ साली, आणि तीन वर्षांत तापानं तिथंच वारली.

तरी एक नवल ऐका. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८७१ साली बाळंतिणींच्या मृत्यूचे आकडे मांडले, तर मोठ्या प्रसूतिगृहांपेक्षा वर्कहाऊसंच कमी घातक निघाली! प्रसूतिगृहांत बाळंतिणींची दाटी, त्यात मुडदे चिरून आलेले विद्यार्थी तसेच तपासायला येत. इमारतीच्या थाटावर जाऊ नये, ते यासाठी.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, तेही राहत्या घरात. शहरात जाहिरात लावली: गुपचूप या, सुखरूप मोकळ्या व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. १८८४पर्यंत ३५ विधवा तिथं आल्या. बाळंतपण सावित्रीबाई जातीनं बघत. तिथं जन्मलेला यशवंत या दांपत्यानं दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात मायलेकांनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या.

तिकडे वर्कहाऊसात जन्मलेल्याच्या दाखल्यावर तो पत्ता पडे आणि जन्मभर चिकटे. तो लिहू नये हे इंग्लंडच्या सरकारला सुचायला १९०४ साल उजाडलं. मला विचाराल तर औषधपाण्याइतकीच ही झाकपाकही बाईला जगवते.

आज आपल्याकडं पोटुशी बाई आली की आशाताई तिचं तायी कार्ड काढवून घेतात, इंजेक्शनं, तपासण्या त्यावर लिहिल्या जातात. त्यावर नवऱ्याच्या नावाचीही ओळ असते. आशाताई, कुणी ती ओळ भरायला कचरली, तर आधी तिचं रक्त तपासून घ्या, वजन करून घ्या. ओळीचं पुढं बघता येईल.